माडवेळेत दिवा वाढवत नाहीत

टेकाडाच्या टोकावर तो दगडी खांब दिसतोय ना, वर कढईएवढा खळगा कोरलेला, तो ठकूआक्काचा दिवा. फोटो खुशाल काढा, फक्त चपला या पायरीखाली ठेवा. आणि मघाशी तुमच्यातलं कोणीतरी चहावाल्या बापूला म्हणालं, "दुकान वाढवताय का काका?" तेव्हा त्यानं हातातली किटली खाली ठेवून तुमच्याकडे तसं का पाहिलं, तेही इथंच सांगतो. बापू रागावलेला नाही हो. दचकला तो.

माडवेळेत दुकान वाढवत नाहीत, बंद करतात. देवापुढे नारळ वाढवत नाहीत, फोडतात. बाईच्या हातातली बांगडी वाढत नाही, फुटते. आणि दिवा विझवायचा असला की बाकी मुलखासारखं 'वाढव' नाही, आम्ही सरळ 'विझव' म्हणतो. बाहेरगावाहून लग्न होऊन आलेल्या मुली पहिले काही महिने कानांवर हात ठेवतात. करतील काय बिचाऱ्या! साऱ्या मुलखात जे शब्द अशुभ म्हणून जिभेवर येऊ देत नाहीत, ते आमच्याकडे पोरंसोरं खणखणीत बोलतात. जेवायला मात्र वाढतो हो, उपाशी नाही ठेवणार तुम्हाला. पण त्या एका चांगल्या, मंगल शब्दानं या बंदराचं गलबत बुडवलं, असं सांगतात. चला वर, बसा खांबाच्या कट्ट्यावर. वारा आहे, टोप्या सांभाळा.

आज खाडीत गाळ भरलाय, चार मचवे कसेबसे उभे राहतात. तेव्हा इथून थेट मस्कतपर्यंत गलबतं जायची म्हणे. दिवाळी आटोपली की मिरी, सुपारी, सुंठ भरून निघायची आणि दर्या बंद व्हायच्या आत, वैशाखात, खजूर नि खारीक घेऊन परतायची. त्या काळी या बंदरात गोंदशेट आणि बाबशेट अशा दोन वाण्यांची एक पेढी होती. दोघे लहानपणचे सोबती. गोंदशेट मालाबरोबर दर्यावर जायचा, बाबशेट बंदरावर राहून माल जमवायचा नि आलेला विकायचा. जो जातो त्याचा सगळा जीव जो राहतो त्याच्या हाती असतो. ते नातं पक्कं व्हावं म्हणून बाबशेटनं आपली बहीण गोंदशेटला दिली. तीच ठकू.

ठकूला आई आठवत नव्हती. तिची वेणी घातली ती भावानं, तिला ताप आला की उशाशी बसला तो भाऊ. दादा म्हणजे तिला देवाच्या खालोखाल. नवऱ्याशी कधी खटका उडाला तर ती म्हणायची, "सांगेन हं दादाला!" आणि गोंदशेट हसून म्हणायचा, "सांग की. तो आधी माझा मित्र आहे, मग तुझा भाऊ." असं होतं ते घर. लोक हेवा करायचे.

या बंदराची एक रीत होती. गलबत परतायचे दिवस आले की ज्या घरचं गलबत, त्या घरच्या बाईनं या खांबावर दिवा लावायचा. खळग्यात उंडीच्या बियांचं तेल, त्यात जुन्या धोतराची मनगटाएवढी वात. वारा वाढला, अंधार दाटला की वात पुढे सारायची, म्हणजे ज्योत मोठी होते. काम झालं की वात मागे ओढून तेलात बुडवायची, म्हणजे दिवा जातो. फुंकर मारायची नाही. आणि गलबत खाडीत शिरल्याशिवाय दिवा घालवायचा नाही. ती पाण्यातली काळी रेघ बघा, लाट फुटतेय तिथं. तो सुसरखडक. अंधारात दिवा दिसला तर तांडेल त्याला उजवीकडे टाकून सुखरूप आत येतो. दिवा नसला तर तो आहे हे कळतच नाही. वात पुढे सारायला ठकूला शिकवलं होतं तेही दादानंच.

त्या वर्षी गलबताला उशीर झाला. वैशाख सरत आला, आभाळ भरून यायला लागलं, बाकीची गलबतं येऊन पावसाळ्यासाठी शाकारलीसुद्धा. ठकू रोज दिवेलागणीला इथं चढायची ती उजाडल्यावर उतरायची. डोळे सुजले, पायांना गोळे आले, पण उठायची नाही. एक दिवस सूर्य बुडाल्यावर बाबशेट वर आला. तिच्याजवळ बसला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाला, "ठके, गोंद आज येत नाही. वरच्या बंदरात नांगर टाकलाय त्यानं. वारा बघून उद्या निघेल. आत्ताच निरोप आला."

ठकूला रडूच कोसळलं. आनंदाचं हो! "सुखरूप आहेत ना, दादा?"

"सुखरूप आहे. चल घरी. कधीची जागते आहेस, हाल बघ काय झालेत."

असं म्हणून तो उठला. पायऱ्या उतरला. आणि त्या खालच्या पायरीवरून, जिथं तुम्ही चपला काढल्यात ना, तिथून मोठ्यानं ओरडला, "ठके, दिवा वाढव गो!"

पायरीजवळच्या देवळाच्या ओट्यावर धाकू गुरव बसला होता, त्यानंही ते ऐकलं. ठकूनं वात मागे ओढली, तेलात बुडवली, दिव्याला हात जोडले आणि भावाच्या मागोमाग घरी गेली. आपल्यासाठी दादा एवढं टेकाड चढून आला, याचंच तिला कौतुक. घरी गेल्यावर तिनं भाताचं आधण ठेवलं, दादाला पाट मांडला. "वाढ गो अजून थोडा," म्हणत त्यानं भात मागून घेतला, असं सांगतात. इकडे तो जेवत होता आणि तिकडे गलबत सुसरखडकावर चढत होतं.

सकाळी वाळूवर खजुराच्या फुटक्या टोपल्या आल्या. मग फळ्या आल्या. मग माणसं यायला लागली. गोंदशेट आला तो दुपारच्या भरतीला, पालथा.

आता खरी गोष्ट ऐका, कारण गलबतं काय, सगळ्याच बंदरांची बुडतात.

गावात एकच ओरड उठली, की दिवा कोणी घालवला? ठकू म्हणाली, मी. दादानं सांगितलं म्हणून. महाजनांची बैठक बसली. व्यापाऱ्यांचे मुख्य हरबाशेट, म्हातारे, शब्दाचे कडक. त्यांनी बाबशेटला विचारलं. बाबशेटच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मी दिवा वाढव म्हणालो, खोटं कशाला बोलू? आभाळ भरलं होतं, वारा सुटला होता. अशा वेळी दिवा घालवायला कोण सांगेल? वाढव म्हणजे वात पुढे सार, तेल ओत, मोठा कर. तिनं भलताच अर्थ घेतला. मला वाटलं, दिवा मोठा करून घटकाभर जेवायला उतरली."

धाकू गुरवाला उभं केलं. तो सरळ माणूस, ऐकलं तेवढं बोलला, "शेट ओरडले, दिवा वाढव. दुसरं मी काही ऐकलं नाही."

"आणि वरच्या बंदराचा निरोप?" ठकू ओरडली. "दादा, तू म्हणालास ना, नांगर टाकलाय म्हणून?"

बाबशेटनं तिच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं म्हणे, की बघणाऱ्यांचा ऊर भरून आला. "असं मी कधी म्हणालो, ठके? जागून जागून तुला भास झाला असेल." मग महाजनांकडे वळून त्यानं हात जोडले. "तिला काही बोलू नका. व्हायचं ते झालं. माझा माल बुडाला, माझा मित्र गेला, पण माझी बहीण आहे ती. मी तिला माफ केलंय."

आता बोला! माफ केलं त्यानं तिला. भर बैठकीत.

आणि ठकूला ते पटत गेलं, हेच सगळ्यात वाईट. दादा खोटं बोलेल कसा? मग आपणच चुकीचं ऐकलं असणार. निरोप आलाच नसेल, आपल्या झोपाळू डोक्यानं तो रचला असेल. या हातानं वात मागे ओढली, या हातानं. गलबतावर गेलेल्यांच्या बायका रस्त्यात तिला बघून तोंड फिरवायच्या. तिच्या चुलीतला विस्तव कोणी नेईना. ती कोणाला दोष देत नव्हती. घरात दिवाही लावत नव्हती, संध्याकाळ झाली की अंधारात बसायची आणि तो क्षण पुन्हा पुन्हा आठवायची. एकच गोष्ट तिला खुपत होती, काट्यासारखी. निरोपाचं दादा इतक्या जवळ बसून, इतकं हळू का बोलला? आणि दिव्याचं इतक्या लांबून, इतक्या मोठ्यानं का? वर असतानाच का नाही म्हणाला?

पावसाळा गेला. दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस भर दुपारी तिच्या मागल्या दारी एक माणूस काठी टेकत येऊन उभा राहिला. ठकू किंचाळणारच होती. तो दाऊद नाखवा होता, बुडालेल्या गलबताचा तांडेल. त्याच्या नावाचे सगळे विधी त्याच्या घरच्यांनी उरकले होते. लाटांनी त्याला पार दक्षिणेला कुठल्याशा कोळीवाड्यात नेऊन टाकलं होतं, पाय मोडला होता, महिनोन्‌महिने तो तिथंच पडून होता. चालता आल्याबरोबर तो आपल्या घरीही न जाता आधी इथं आला.

"वहिनी," तो म्हणाला, "दिवा दिसत होता. त्याच्यावर नजर ठेवूनच मी सुकाणू धरलं होतं. मग एकाएकी गेला. मला वाटलं, तुम्हाला काही झालं."

ठकूनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "नाखवा, मीच घालवला. चुकले मी."

"चुकला नाहीत. आधी ऐका." आणि त्यानं सांगितलं. मस्कतच्या धक्क्यावर गोंदशेटनं आपल्याच पेढीची मिरी दुसऱ्याच्या गलबतातून उतरताना पाहिली होती. बाबशेट पेढीचा उत्तम माल मागच्या दारानं पाठवून आपल्या एकट्याच्या नावानं विकत होता, आजचा नाही, कधीपासूनचा.  मग गोंदशेट म्हणाला होता, नाखवा, कोणाला बोलू नको, घरी जाऊन मी त्यालाच विचारीन, माझा मित्र आहे, काहीतरी कारण असेल. "आमच्या आधी एक हलकं गलबत निघालं होतं, वहिनी. त्यावरून तुमच्या भावाला, शेटनं माल पाहिल्याची खबर पोचलीच असणार. आणि आम्ही त्या संध्याकाळी वरच्या बंदराच्या आसपासही नव्हतो. समोर होतो, माडवेळेच्या समोर. मासे मारून परतणाऱ्या होड्यांनी आम्हाला हात केला होता."

म्हणजे गलबत आलंय हे गावात कळलं होतं. पहिलं कोणाला कळलं असेल, हे ठकूला विचारावं लागलं नाही. बंदरावरची प्रत्येक बातमी आधी दादाच्या गादीवर जायची.

ती रडली नाही म्हणे. एवढंच म्हणाली, "नाखवा, भाऊबीजेपर्यंत या मागच्या खोलीत राहा. कोणाला दिसू नका."

भाऊबीज का? तर त्या दिवशी बाबशेटनं महाजनांना तिच्या घरी जेवायला बोलावलं होतं. पाडव्याला व्यापाराचं नवं वर्ष लागतं. गोंदशेटची उरलेली गलबतं नि वखार आता बाबशेटकडे जायची, त्याला ठकूनं चारचौघांत होकार द्यायचा, असं ठरलं होतं. विधवा बहिणीनं ओवाळावं का, यावर गावात कुजबुज झाली. बाबशेट छाती काढून म्हणाला, "माझी ठकू ओवाळील. बहीण ती बहीण." लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

पाट मांडला. समोर हरबाशेट आणि इतर व्यापारी बसले होते, धाकू गुरव दाराशी होता. ठकूनं भावाला टिळा लावला, अक्षता टाकल्या, तबकातला दिवा उचलून ओवाळलं.  ओवाळून झालं, बाबशेटनं ओवाळणी टाकायला हात पुढे केला. ठकूनं तबक खाली ठेवलं नाही. बोटं वातीवर नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दादा, दिवा वाढवू?"

बाबशेटचा चेहरा पांढराफटक पडला. पाटावरून अर्धा उठून त्यानं तिचं मनगट धरलं. "अगो, वेड लागलं का तुला? ओवाळणीचा दिवा! माझ्या जिवावर उठलीस का? घालवू नको!"

"घालवू नको?" ठकू म्हणाली. "मी तर वाढवू का विचारलं, दादा. वात पुढे सारणार होते."

 बाबशेटनं तिचं मनगट सोडलं. हरबाशेटनं हातातलं पान खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "बाबशेट, घरात बसल्या जागी तुला या शब्दाचा एकच अर्थ सुचला. त्या संध्याकाळी दुसरा कुठून आणलास?"

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडून दाऊद नाखवा काठी टेकत बाहेर आला. पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

बाबशेट पाटावर बसला तो बसलाच. "त्यानं एक रात्र बाहेर काढावी, एवढंच माझ्या मनात होतं," तो पुटपुटला. "सकाळपर्यंत मी काहीतरी जुळवलं असतं, त्याची समजूत काढली असती."

"खडक कुठं आहे ते तुला माहीत नव्हतं, दादा?"



मग ठकू जे बोलली ते आमच्याकडे बायका अजून जसंच्या तसं सांगतात. ती म्हणाली, "तू स्वतःच्या हातानं त्यांना मारलं असतंस, तर म्हटलं असतं, लोभ सुटला याला. पण तू माझा हात वापरलास. ज्या हाताला वात सारायला शिकवलंस, तोच. आणि वर चारचौघांत मला माफ केलंस. मी ती माफी घेऊन इतके महिने जगले, दादा. तुझे उपकार मानत जगले." आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

महाजनांनी विचारलं, याला काय शिक्षा करू? ती म्हणाली, काही नको. फक्त आजपासून या बंदरात दोन तोंडांचा शब्द नको. विझवायचं असेल त्यानं विझव म्हणावं, फोडायचं असेल त्यानं फोड म्हणावं. अशुभ होईल ते होऊ दे. मग तबकातला तोच दिवा तिनं पदराआड धरला, हे टेकाड चढली आणि त्या ज्योतीनं खांबावरचा दिवा पेटवला. वाऱ्यात पदराआडची ज्योत एकदाही हलली नाही, असं सांगतात. पुढे ती मरेपर्यंत कोणाचंही गलबत येणार असलं तरी दिव्यापाशी ठकूआक्काच असायची. ज्या बायका तोंड फिरवायच्या, त्याच तिला तेल आणून द्यायच्या.

बाबशेटला कोणी बोट लावलं नाही. पण तो बाजारात काहीही बोलला की समोरचा विचारायचा, "म्हणजे नक्की काय, शेट?" माल चांगला आहे म्हणाला, तरी तेच. पाणी दे म्हणाला, तरी तेच. वाण्याचा शब्दच कोणी घेईना, मग त्याच्यापाशी राहिलं काय? एका मोसमात तो कुठल्याशा परक्या गलबतावर चढला. कुठं गेला, कोणाला ठाऊक नाही.

आणि तरी बघा, बाईचं मन. दर भाऊबीजेला ठकूआक्का इथं, या खांबापाशी, एक रिकामा पाट मांडायची. तबकात दिवा लावायची, रिकाम्या पाटाला ओवाळायची आणि समुद्राकडे बघून विचारायची, "दादा, दिवा काय करू?" तिला एकदा त्याच्या तोंडून धड उत्तर ऐकायचं होतं. उत्तर यायचं नाही. मग ती दिव्याला हात न लावता तो तसाच तेवत ठेवायची, तेल असेपर्यंत.

आजही माडवेळेत भाऊबीजेला ओवाळून झालं की बहीण विचारते, "दादा, दिवा काय करू?" आणि भावानं तोंड उघडून, स्पष्ट सांगायचं असतं, "तेवत ठेव." मान हलवून चालत नाही. ज्याला यायला जमत नाही तो मुंबईहून फोन करतो, तेवढ्या दोन शब्दांसाठी. त्याच संध्याकाळी गुरवाच्या घरची बाई इथं येऊन ठकूआक्काचा पाट मांडते, समुद्राकडे तोंड करून तोच प्रश्न विचारते, आणि आम्ही सगळे खालच्या पायरीपाशी गप्प उभे राहतो. उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून त्या एका दिव्याला अजून कोणी हात लावत नाही.